तिसरी तार

वहिनी पहिल्यांदा माझ्या दुकानाची पायरी चढल्या तेव्हा त्यांच्या उजव्या तर्जनीवर टपोरा फोड होता आणि पिशवीत एका बाजूने वितळलेला रेडिओ होता.

"भाऊजी, मला माझं स्वतःचं सोल्डरिंग आयर्न द्या," त्या म्हणाल्या. "ह्यांचं मला चावतं."

मी हसलो. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते, पण तेव्हा हसलो खरा. मला वाटलं, भाजलं म्हणून चावतं म्हणतायत.

'हे' म्हणजे वहिनींचा नवरा, माझा मित्र, रेडिओवाला. आम्ही दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली तीन वर्षं राबलो. पुढे मी हत्यारांचं दुकान टाकलं, त्याने घरातल्या मागच्या खोलीत दुरुस्तीचं टेबल मांडलं. मी बडबड्या आणि तापट, म्हणून लोक मला खडूस म्हणतात. तो इतका अबोल की गिऱ्हाईक आलं गेलं तरी शेजारच्या खोलीत पत्ता लागायचा नाही. वहिनी दुकानात आल्या त्याच्या वर्षभर आधी, एका दुपारी त्या चार वाजताचा चहा घेऊन त्या खोलीत गेल्या आणि तो खुर्चीत तसाच बसलेला होता. उजवा हात एका उघड्या रेडिओ-संचावर. डॉक्टर म्हणाले, हृदय. साठीच्या माणसाला हृदय म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही.

वहिनींनी चष्म्याच्या कारखान्यात तीस वर्षं काचा बसवल्या होत्या. केसाएवढ्या फटीत काच सरकवायची, नखाएवढा स्क्रू पिळायचा, आणि संध्याकाळपर्यंत मान वर करायची नाही. कामावरून निवृत्त झाल्या आणि वर्षाच्या आत नवरा गेला. मग एक दिवस स्वयंपाकघरातला रेडिओ मुका झाला. घरात दुसरा आवाज नव्हताच. दुरुस्तीला कोणाकडे न्यायचा? गावातल्या सगळ्या रेडिओंना आवाज देणारा माणूसच गेलेला. म्हणून त्यांनीच तो उघडला, ह्यांच्या जुन्या आयर्नने, धातू वितळवून तारा जोडायच्या त्या तापल्या दांडीने, आत काहीतरी जोडायला गेल्या, आणि रेडिओची एक बाजू खाली ओघळली.

मी स्टूल पुढे केलं आणि माझं नेहमीचं प्रवचन सुरू केलं. मला ते फार आवडायचं.

"वहिनी, त्या खालच्या फळीवरच्या रंगीत पेट्यांकडे बघूसुद्धा नका. एका पेटीत सोळा वस्तू आणि टोकाला सोनेरी मुलामा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! दोन दिवसांत टोक काळं पडतं आणि तापमान आपल्या मर्जीने चढत राहतं."

"मग ते वरचं, काचेतलं?"

"ते कारखान्यांसाठी. छंदासाठी तेवढं कशाला ओतता? मधलं घ्या. साठ वॉटचं, तापमान ठरवता येणारं. पेटी वेगळी, हातातली दांडी वेगळी. टोक झिजलं तर टोकच बदलायचं, अख्खं यंत्र नाही. स्टँड जड हवा, नाहीतर दांडी मांडीवर येते. टोक पुसायला पितळेच्या तारेची घासणी. धूर ओढायला छोटा पंखा. डोळ्याला चष्मे तर तुमच्याकडे ढीगभर असतील. आणि या सोल्डरमध्ये, म्हणजे वितळवायच्या तारेत, शिसं असतं, तेव्हा टेबलावर चहा नाही, खाणं नाही, उठलात की साबणाने हात धुवायचे."

"ह्यांचा चहा टेबलावरच असायचा."

"त्याचं सोडा हो. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं." मी यंत्राचा प्लग त्यांच्या हातात ठेवला. "मोजा."

"तीन पिना."

"लोखंडी पेटीचं यंत्र दोन पिनांचं असेल तर फुकट दिलं तरी घ्यायचं नाही. पहिली तार करंट आणते. दुसरी परत नेते. तिसरी काहीच करत नाही. घरातल्या गप्प म्हाताऱ्यासारखी पडून असते. पण एखाद दिवशी यंत्राच्या आत काही बिघडलं आणि पत्र्यावर करंट आला, की तीच तो गिळते, जमिनीत नेऊन सोडते आणि फ्यूज उडवते."

"आणि ती तार नसली तर?"

"तर पत्र्याला हात लावणारं माणूस, हीच तिसरी तार."

वहिनींनी प्लग उलटासुलटा करून बघितला. मग म्हणाल्या, "हे हात लावायचे तेव्हा पालथा लावायचे. सगळ्यालाच. कपाला, तव्याला. मला ताप आला तरी कपाळाला हाताची पाठच."

"उस्तादाची शिकवण ती," मी म्हटलं. "करंट लागला की हाताचे स्नायू आखडतात. तळवा लावला असेल तर बोटं त्या वस्तूला मिठी मारतात आणि माणसाला इच्छा असून सोडवत नाहीत. पाठ लावली तर हात आपोआप झटकला जातो. म्हणून जुना कारागीर आधी हाताची पाठ लावतो."

"तीस वर्षं मला वाटायचं, ह्यांना माया करता येत नाही," वहिनी म्हणाल्या आणि यंत्राची पेटी उचलून निघून गेल्या.

एवढी गुणी विद्यार्थिनी मला आयुष्यात मिळाली नाही. चष्म्याच्या काचा बसवणारा हात तो, कापायचा ठाऊकच नव्हता. सहा महिन्यांत त्यांनी तो रेडिओ बोलता केला, दाराची घंटा केली, कुंडीतली माती वाळली की शिट्टी मारणारं एक कार्टं केलं. ते कार्टं भर दुपारी ओरडायचं आणि शेजारीण वैतागायची. वर्षभराने त्या गरम हवेच्या यंत्रासाठी आल्या. बोर्डावरचा मुंगीएवढा भाग काढायचा तर आयर्नच्या टोकाने जमत नाही. गरम हवेचा झोत देऊन सगळे पाय एकदम मोकळे करायचे आणि चिमट्याने अलगद उचलायचा. मी त्यांना तीन पिनांचं, मध्यम, खिशाला झेपेल असं यंत्र दिलं. दांडी ठेवायची ती खोबणीतच ठेवा, म्हणून चारदा बजावलं.

आणि मग महिन्याभराने त्यांची लेक माझ्याकडे आली. ती दोन गल्ल्या पलीकडे राहते, बँकेत आहे, भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. गिऱ्हाईक जाईपर्यंत कोपऱ्यात उभी राहिली.

"काका, आई त्या खोलीत कोणाशी तरी बोलते."

"रेडिओशी बोलत असेल. मीसुद्धा माझ्या गल्ल्याशी बोलतो."

"हसण्यावारी नेऊ नका हो. रोज चार वाजता जाते. चपला बाहेर काढते, दार लोटते. बोलते, मग गप्प बसते, मग पुन्हा बोलते. कोणीतरी उत्तर दिल्यावर बोलावं तसं." तिने मागे वळून दाराकडे बघितलं. "आणि काल मी दाराशी उभी होते. आई स्वयंपाकघरात होती. खोलीत कोणी नव्हतं. तरी आतून श्वास ऐकू आला. मोठा, लांब श्वास. दहा-पंधरा सेकंद. मग थांबला."

मला खोटं बोलवत नाही. अंगावर काटा आला. पण दुकानदाराला काटा दाखवून चालत नाही. मी पानेपिशवी उचलली आणि तिच्याबरोबर गेलो.

ती खोली मी दोन वर्षं पाहिली नव्हती. वहिनींनी काहीही हलवलं नव्हतं. भिंतीवर तोच लाकडी स्विचबोर्ड, एका ओळीत सहा सॉकेटचा. टेबलाच्या पत्र्यावर जुन्या सोल्डरचे थेंब गोठलेले. हवेत राळेचा वास, अगदी ताजा. खुर्चीवर त्याचा स्वेटर घातल्यासारखा पसरलेला. दुपारचं ऊन पडद्यातून येत होतं आणि तरीही खोलीत पाय टाकताना मला कोणाच्या तरी पाठीमागून आत शिरल्यासारखं वाटलं.

"काका, बूट," लेक कुजबुजली. "आईला चालत नाही."

"मला वाकवत नाही," मी म्हटलं. खरं म्हणजे नाडी सोडायचा आळस. माझे जाड रबरी तळव्यांचे बूट घालूनच मी आत गेलो. वहिनी अनवाणी, गार फरशीवर उभ्या होत्या.

आम्ही तिघं गप्प उभे राहिलो. आणि कोणीही हात न लावता टेबलावरून श्वास आला. हूऽऽऽ करून लांब, उबदार. पडद्याची कड हलली. लेकीने माझी बाही धरली.

घोडं कुठे पेंड खातंय ते मला दोन मिनिटांत कळलं. गरम हवेच्या दांडीच्या पोटात एक छोटा स्विच असतो आणि खोबणीत लोहचुंबक. दांडी खोबणीत बसली की चुंबक त्या स्विचला सांगतो, निजा आता. खोबणीचा स्क्रू सैल झाला होता. रस्त्यावरून गाडी गेली की ती थरथरायची, दांडी जराशी सरकायची, आणि यंत्राला वाटायचं की आपल्याला कोणी उचललं. मी स्क्रू पिळला. श्वास बंद झाला. लेक इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"झालं तुमचं भूत!" मी म्हटलं. माझी छाती कशी फुगली होती काय सांगू.

तेवढ्यात वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, याच्यात करंट येतो का हो? तेवढं बघा ना." त्यांनी आयर्नच्या लोखंडी पेटीकडे बोट केलं.

मी हाताची पाठ पेटीला लावली. गरम हवेच्या यंत्रालाही लावली. दिव्याच्या मानेलाही लावली.

"काही नाही."

"नक्की?"

"वहिनी, चाळीस वर्षं हेच करतोय. शंभर टक्के काही नाही."

वहिनींचा चेहरा त्या क्षणी जो उजळला तो मी विसरलेलो नाही. लाजल्यासारख्या हसल्या. मला वाटलं, बाईचा घोर गेला. मी चहा घेतला, दोन विनोद केले आणि घरी आलो. पिशवीत टेस्टर होता. चार आण्याचा स्क्रूड्रायव्हर, आत इवलासा दिवा, करंट असला की लाल पेटतो. मी तो बाहेरही काढला नाही. हाताची पाठ असताना टेस्टर कशाला?

त्यानंतर चार महिने गेले. वहिनी दुकानात यायच्या, सोल्डर न्यायच्या, घासणी न्यायच्या. खुलल्या होत्या. थोड्या वाळल्याही होत्या, पण वय झालं, वाळतं माणूस.

एका दुपारी पावणेचारला दुकानातला फोन वाजला.

"भाऊजी, मोकळे आहात? एक सांगायचं होतं. लेकीला सांगितलं तर ती मला डॉक्टरकडे नेईल. तुम्ही ह्यांचे मित्र, तुम्हाला कळेल."

"बोला की."

"हे येतात."

मी हातातला पाना खाली ठेवला.

"आधी मला वाटायचं, करंटच असेल. पेटीला हात लागला की झिणझिण व्हायची, मुंगी चालल्यासारखी. पण तुम्ही येऊन बघून गेलात. म्हणालात, शंभर टक्के काही नाही. तेव्हा माझी खात्री पटली. करंट नाही, तर मग कोण? त्या टेबलाशी दुसरं कोण होतं?" त्या हसल्या. "तेव्हापासून रोज चारला मी हात लावते, आणि हे हात लावतात. पालथा. तुम्हीच सांगितलंत ना, त्यांची तीच रीत."

दुकानात पंखा चालू होता आणि मला घाम फुटला होता.

"पण गेल्या आठवड्यापासून काहीतरी बिनसलंय. मी पालथा हात लावला की झटकून टाकतात. जोरात. कोपर टेबलावर आपटलं माझं. मला वाटलं, रागावले. म्हणून काल तळवा लावला. तर भाऊजी, धरलाच! असा घट्ट, की बोटं उघडेनात. खांद्यापर्यंत कळ गेली. तीस वर्षांत ह्यांनी माझा हात असा धरला नव्हता. नशीब की तेवढ्यात लाइट गेली, नाहीतर सोडलाच नसता."

"वहिनी." माझा आवाज मलाच ओळखू येईना. "त्या खोलीत जाऊ नका. मी येतोय. ऐकताय? कशालाही हात लावू नका!"

"अहो, घाबरता काय? आज विचारणार आहे मी त्यांना, काय हवंय म्हणून. आज दोन्ही हात देणार आहे. चार वाजत आले, ठेवते."

फोन ठेवला गेला. मी परत लावला. वाजला, वाजला, वाजत राहिला. त्यांचा फोन स्वयंपाकघरात असतो.

एक हात धरला तर करंट त्या हातातून पायाकडे जातो. दोन्ही हात दोन यंत्रांना लावले तर एका हातातून शिरून दुसऱ्यातून निघू शकतो, आणि वाटेत काळीज लागतं. हे मी गिऱ्हाइकांना शंभर वेळा सांगितलं असेल. दुकान उघडं टाकून मी पळालो. साठी उलटलेला माणूस भर रस्त्यात पळतोय म्हणून लोक वळून बघत होते. मला फक्त एवढंच दिसत होतं की माझे बूट रबरी होते. त्या दिवशी माझे बूट रबरी होते आणि ती बाई अनवाणी उभी होती.

दार नुसतं लोटलेलं होतं. मेन स्विच दाराच्या आतच, चपलांच्या कपाटावर. आत शिरताच मी तो खाली ओढला.

घर एकदम गप्प झालं. पंखा फिरत फिरत मंदावला. फ्रीजचा आवाज थांबला. त्या शांततेत मी कान देऊन उभा राहिलो, आणि मागच्या खोलीतून काहीच आलं नाही. खुर्ची सरकली नाही, श्वास नाही, काही नाही. मला तिथून हलवेना. पाचावर धारण बसली म्हणजे काय, ते मला त्या बोळात कळलं.

मग वहिनींचा आवाज आला. "लाइट कोणी घालवली?"

मी आत गेलो. त्या खुर्चीत बसल्या होत्या, अनवाणी, पाठ ताठ. उजवा हात आयर्नच्या पेटीवर, डावा गरम हवेच्या यंत्रावर, दोन्ही तळवे पत्र्यापासून बोटभर वर. भिंतीवरच्या सेलच्या घड्याळात चारला दोन मिनिटं कमी होती. त्या बरोबर चार वाजायची वाट बघत होत्या. मृत नवऱ्याच्या वक्तशीरपणाने त्यांना वाचवलं, असं मी पुढे लेकीला सांगितलं. तिला ते आवडलं नाही.

मी त्यांना दंडाला धरून उठवलं, दारात नेऊन उभं केलं. "इथून पाऊल पुढे टाकायचं नाही," म्हटलं, आणि मेन स्विच वर केला. मग टेस्टर काढला.

पेटीला टोक लावलं, लाल पेटला. गरम हवेच्या नळीला लावलं, लाल. दिव्याच्या मानेला लावलं, लाल. पेटीला टेकून एक स्टीलची मोजपट्टी पडली होती, कशालाही न जोडलेली. तिला लावलं, तीही. अख्खं टेबल जिवंत होतं. गरम हवेच्या यंत्राच्या आतला तापणारा भाग फुटून पत्र्याला टेकला असणार, आणि तिथून तिसऱ्या पिनेच्या वाटेने तो करंट बोर्डावर उलटा येऊन ओळीतल्या प्रत्येक यंत्राच्या अंगात शिरला होता. पण मग फ्यूज का उडाला नाही? तिसरी तार काय करत होती?

वहिनी दारातून त्या लाल ठिपक्याकडे बघत होत्या. एकेक वस्तू पेटताना त्यांचा चेहरा उतरत गेला.

"हा करंट आहे?"

"हो."

"तुम्ही म्हणालात नाही."

"मी बूट घालून होतो, वहिनी."

मी मेन पुन्हा बंद केला आणि भिंतीवरच्या बोर्डाचे स्क्रू काढायला घेतले. लाकूड गंजलेल्या स्क्रूंना धरून बसलं होतं. झाकण निघालं तेव्हा आतून धूळ आणि राळेचा वास आला. सहाही सॉकेटच्या तिसऱ्या पिना एका तारेने आपापसांत जोडलेल्या होत्या. भिंतीतून येणारी अर्थची, म्हणजे जमिनीत जाणारी, तार मात्र त्यांना जोडलेली नव्हती. ती कापून, टोकाला काळी टेप गुंडाळून, नीट बाजूला वळवून ठेवलेली होती. टेपवर पांढऱ्या पट्टीचा तुकडा होता आणि त्यावर शाईने लिहिलेलं होतं.

तात्पुरती काढली आहे. संध्याकाळी जोडणे.

अक्षर माझं होतं.

मला ती दुपार लख्ख आठवली. बावीस वर्षांपूर्वीची. त्या काळी काही टीव्हींचा लोखंडी सांगाडाच थेट करंटवर असायचा. आयर्नला अर्थ असेल आणि त्याचं टोक सांगाड्याला लागलं की फाडकन ठिणगी, फ्यूज उडाला, संच मेला. म्हणून आमच्या धंद्यातले बहाद्दर सरळ अर्थची तारच सोडवून ठेवायचे. सगळेच करायचे. मित्राला भीती वाटत होती. मी त्याला हसलो होतो, "अरे, ती तार काही करते का? नुसती भांडखोर सासू!" आणि मीच खुर्चीवर चढून ती कापली. संध्याकाळी जोडायची म्हणून पट्टीवर लिहिलंसुद्धा. मग संच चालू झाला, आम्ही खुशीत बाहेर पडलो. संध्याकाळ झाली आणि गेली. बावीस वर्षं मी गावाला तीन पिना मोजायला शिकवत बसलो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. वस्तू बघितली, पण ती ज्या भोकात जाणार ते कधी बघितलं नाही.

झाकण परत लावता आलं असतं. वहिनींना त्या पट्टीवरचं दिसत नव्हतं. गुपचूप तार जोडली असती आणि जुनी वायरिंग होती म्हणून मोकळा झालो असतो. तो विचार आला नाही असं मी म्हणणार नाही. तो आला आणि चांगला घटकाभर बसला.

"वहिनी, हे अक्षर माझं आहे," मी म्हटलं.

त्या जवळ आल्या. वाचलं. पुन्हा वाचलं. मी सगळं सांगितलं, काही न लपवता. त्या ऐकत होत्या आणि त्यांची नजर माझ्यावर नव्हती, खुर्चीवर होती.

"त्या दिवशी," त्या म्हणाल्या, "ह्यांचा उजवा हात संचाच्या पत्र्यावर होता. बोटं वळलेली. मी एकेक करून सोडवली."

"तळवा होता की पाठ?"

"तळवा."

जन्मभर पालथा हात लावणारा माणूस. संच उचलून ठेवत असेल, लक्ष नसेल. की खरंच हृदय असेल. डॉक्टर म्हणाले ते खरंही असेल.

"भाऊजी, म्हणजे ह्यांनाही..."

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "आता कधीच कळणार नाही." आणि मी त्याच्या खुर्चीशेजारी फरशीवर बसून रडलो. मला लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

वहिनींनी मला रडू दिलं. समजूत घातली नाही आणि दोषही दिला नाही. मग माझ्या पिशवीतून पक्कड काढली.

"मी जोडतो," मी उठलो.

"तुम्ही नको," त्या म्हणाल्या. "तुमची संध्याकाळ होऊन गेली."

ते मला लागायला हवं होतं आणि लागलं. त्यांनी टेप सोलली, जुनी तार चकचकीत होईपर्यंत खरवडली, स्क्रूखाली दाबून पिळली, ओढून बघितली, काच बसवावी तितक्या शांतपणे. भिंतीतून ती तार खरंच जमिनीपर्यंत जाते का, तेही मी मीटर लावून तपासेपर्यंत त्या हटल्या नाहीत. काच बसवावी तितक्या शांतपणे. मग त्यांनी मला मेन चालू करायला लावला. तो वर जाताच गरम हवेच्या यंत्रापाशी फाट आवाज झाला आणि फ्यूज उडाला. तिसऱ्या तारेने बावीस वर्षांनी पहिल्यांदा आपलं काम केलं. ते यंत्र आम्ही काढून टाकलं, नवा फ्यूज घातला, पुन्हा चालू केलं. दुसऱ्या दिवशी मी करंटची गळती झाली की क्षणात लाइट तोडणारा ब्रेकरही बसवला.

पण त्या संध्याकाळी, सगळं झाल्यावर, मी टेस्टर फिरवला. एकही दिवा पेटला नाही. वहिनी अनवाणी पुढे आल्या आणि आयर्नच्या पेटीला हाताची पाठ लावली. डोळे मिटले. बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

"गेले," त्या म्हणाल्या.

लेकीला वाटलं, आता आई ते टेबल विकून टाकेल. नाही विकलं. वहिनी अजूनही बसतात तिथे, रबरी चपला घालून, पायाखाली लाकडी फळी ठेवून. परवाच त्यांनी शेजारणीलाही कुंडीत ठेवायचं तसलंच एक कार्टं करून दिलं. आता दोन ओरडतात. आणि माझ्या दुकानात कोणी सोल्डरिंग आयर्न घ्यायला आलं की मी आधी त्याला टेस्टर विकतो, मग त्याच्या घरचं सॉकेट स्वतः जाऊन बघतो, आणि मगच यंत्र देतो. धंदा निम्मा झाला.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी त्या खोलीत जातो. वहिनींनीच तसं ठरवून दिलंय. दाराशी बूट काढायचे, मोजे काढायचे, गार फरशीवर उभं राहायचं. टेस्टर फिरवून झाला की सगळ्या यंत्रांना एकेक करून हाताची पाठ लावायची. वहिनी चहा घेऊन दारात थांबतात. मी हात गरजेपेक्षा जरा जास्त वेळ ठेवतो. त्याला एक गोष्ट सांगायची राहिली आहे माझी.

"आहेत?" वहिनी विचारतात.

"नाहीत, वहिनी."

"बरं," म्हणतात, आणि चहा टेबलापासून लांब, खिडकीत ठेवतात.